जिथलं पाणी तिथं

१

आमच्या घरात सकाळचा चहा व्हायच्या आधी जीव सोडून यावे लागायचे. हे काम माझं होतं. कॉलेज सोडून घरी बसलेल्या पोराला दुसरा उद्योगच नसतो, असं गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचं मत, आणि आमच्या गावात म्हाताऱ्यांचं मत म्हणजे ठरावच.

कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला तळं, आणि तळ्याच्या कोपऱ्यात दगडी आड. तळं भरलं की आड भरायचा, तळं आटलं की आडही आटायचा. दगडांच्या फटींतून दोन्हीचं पाणी एकच. मी आडाची घागर भरून आणायची. आक्का ते पाणी दुहेरी कापडातून गाळायची. मग ते कापड उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं एका पितळी तांब्यात अलगद खंगाळायची. कापडावर राहिलेले बारीक बारीक जीव तांब्यात उतरायचे. त्याला म्हणायचं जिवाणी. ती परत आडात सोडायची. तांब्याच्या बुडाला कडी, कडीत दोर, आणि तोच दोर वर गळ्यापाशी आकड्यात अडकवलेला. वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो. तांब्या पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, टेकला की दोराला हलका हिसका द्यायचा. तांब्या झोपल्यासारखा कलंडतो आणि जीव घरी जातात.

"जिथलं पाणी तिथं," आक्का म्हणायची. दुसऱ्या विहिरीत नाही, नदीत नाही, कुंडीत नाही. आणि ती सुटल्याशिवाय आक्का पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. चूलही पेटायची नाही.

आक्का म्हणजे विजयमाला, माझ्या वडलांची थोरली बहीण. लग्नानंतर लगेच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती आलीच. माझी आई गेली तेव्हा मी घोट्याएवढ्या पाण्यात बुडेन एवढा होतो. पुढचं सगळं आक्कानं केलं. मी तिच्या जैन नेमधर्माची टिंगल करायचो आणि ती मला भाकरी वाढायची, असं आमचं चालायचं.

पण त्या तांब्यामुळंच मला तळं कळलं. सांगलीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या मास्तरांनी जेवढं शिकवलं त्याच्यापेक्षा जास्त मी आडाच्या कठड्यावर बसून शिकलो. टिबुकली पाखरू कुठं बुडतं आणि कुठं वर येतं. ढोकरी पुतळ्यासारखी उभी राहून कशी सगळ्यांना फसवते. लव्हाळ्यात पाणकोंबडी पिल्लांना घेऊन कधी बाहेर पडते. कापडावर नखाएवढा एक शंख रोज यायचा, टोक मोडलेला. रोज सोडायचो, रोज यायचा. आक्का त्याला "आमचं गिऱ्हाईक" म्हणायची.

२

तळं बुजवायचं ठरवलं ते आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील, जयपाल, सोसायटीचे चेअरमन. तळ्याच्या जागी दुकानांची रांग आणि वर हॉल बांधायचा होता. त्यांच्या पंगतीचे चार म्हातारे होतेच माना डोलवायला. ह्यांनीच लहानपणी त्या तळ्यात म्हशी धुतल्या, पोहायला शिकले, आणि आता म्हणे डास होतात.

मी सभेत उभा राहिलो. म्हणालो, "आप्पा, टिबुकलीची अंडी हायत लव्हाळ्यात. आणि बेडूक मेलं की डास वाढत्यात, कमी न्हाई होत."

लालासाहेब नावाचे माजी सरपंच हसले. "चेअरमन, तुमचं पोरगं कोंबडीवानी अंड्यावर बसलंय की!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "स्वतःला चार वर्षं एका जागी बसता आलं न्हाई, आणि गावाला शिकवतंय. खाली बस."

मी बसलो नाही, निघून आलो. मला ते येतं.

जेसीबी माझ्याच मित्राचा, सयाजीचा. त्याचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आले आणि पोराला ते पिवळं धूड घेऊन दिलं. मी त्याला म्हणालो, "तू न्हाई म्हण की रं."

"मी न्हाई म्हणलो तर पलूसवरनं दुसरा येतोय गड्या. त्याला आड दिसायचाबी न्हाई. मी निदान आड सोडून बुजवतोय."

त्यानं शब्द पाळला. तळ्यात मुरूम पडत गेला, लव्हाळं गेलं, पाणकोंबडी पिल्लांसकट उसाच्या फडात शिरली आणि पुन्हा दिसली नाही. आडाभोवती परातीएवढं पाणी राहिलं. सगळं तळं त्या परातीत दाटीवाटीनं येऊन बसलं होतं. आक्काचं कापड तेव्हा इतकं जड व्हायचं की तिचं मनगट दुखायचं.

"घाबरल्याती," ती म्हणायची, आणि कापड आणखी हळू खंगाळायची.

३

त्या दिवशी मी घागर आणली, आक्कानं गाळली, मी तांब्या घेऊन परत गेलो, आणि आड नव्हता.

मुरमाचा ढीग होता. वर जेसीबीच्या चाकाचे ताजे ठसे. सयाजी बाजूला उभा, माझ्याकडं न बघता. "तू घागर नेलीस आन् मागनं आप्पा सोताच आलं रं. समोर उभं राहून करून घेतलं. मी काय म्हणू त्यास्नी?"

मी तांब्या घेऊन तसाच उभा राहिलो. आत तो टोक मोडलेला शंख तळाशी चिकटलेला. बेडकाची शेपटीवाली दोन पिल्लं एकमेकांवर आपटत होती. हातात कुणाचं तरी बाळ आणि समोर त्याचं घर नाही, असं वाटलं. मी आप्पांच्या नावानं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

आक्का ओरडली नाही. तिनं तांब्या खिडकीत सावलीला ठेवला, वर ओलं फडकं टाकलं, आणि गाळलेल्या पाण्याचा हंडा झाकून भिंतीकडं सरकवला.

"आक्का, पाणी पी."

"ह्यास्नी घरला पोचवू दे. मग पिते."

बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. ती दिवसभर प्याली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओठांना चिरा पडल्या. डॉक्टर आले, सलाईन लावू म्हणाले. आक्का म्हणाली, "त्या बाटलीतलं पाणी कुणी गाळलंय, डाक्टर?"  डॉक्टर आप्पांना बाहेर घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. मला एवढंच ऐकू आलं, "ह्या वयात किडनी."

आप्पा आत आले. ते आक्काच्या उशाशी बसले आणि मी पहिल्यांदा त्यांचा आवाज चेअरमनचा नसलेला ऐकला. "आक्का, पी की गं. कशाला जिवाशी खेळतीस?"

"मी कुठं खेळतीया, जयपाल?"

आप्पा उठले. तांब्या उचलला. "मी नदीत सोडून येतो. आडाचं पाणी शेवटी कृष्णेलाच जातंय न्हवं? एकच पाणी ते." आणि गाडी काढून गेले.

परत आले तेव्हा तांब्या रिकामा होता. "सोडलं," ते म्हणाले. "हळू सोडलं. आता पी."

आक्कानं भावाच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग हंड्यावरचं झाकण काढलं आणि प्याली. घोट गिळताना तिचा गळा असा हलला की मी तोंड फिरवलं.

आप्पांच्या मिशा ओल्या होत्या. ते मला तेव्हाच दिसलं होतं. पण उन्हातून आलेला माणूस तोंडावर पाणी मारतोच.

४

आक्काला नळाचं पाणी चालत नाही. म्हणून मळ्यातल्या विहिरीचं आणायचं ठरलं, आणि आणायला आप्पा स्वतः निघाले. मला म्हणाले, "तू झोप." आयुष्यात पहिल्यांदा. अपराध्याला अशी कामं सुचतात, एवढंच मी मनात म्हणालो. खरं तर मला बरंही वाटलं. पायजमा दुमडून, घागर खांद्यावर घेऊन ते बांधावरून येताना मोठ्या पोरासारखे दिसत होते.

आक्कानं ते पाणी गाळलं आणि मला हाक मारली. "भरतेश. हिकडं ये."

मळ्यातली विहीर खोल, थंड, काचेसारखी. तिच्यात कापडावर यायला काही नसतंच. पण कापड हलत होतं. शेपटीवाली पिल्लं. चतुराच्या अळ्या. शेवाळाचा हिरवा दोरा. मध्ये टोक मोडलेला नखाएवढा शंख.

मी म्हणालो, शंख शंखासारखाच असतो.  आक्कानं तो बोटावर घेतला आणि मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, आपण ओळखीच्या पोराच्या डोक्यावरून फिरवतो तसा.

"ही मळ्यातली न्हाईत," ती म्हणाली. मग कापड घंगाळात खंगाळलं, घंगाळ परसात पेरूखाली ठेवलं, आणि हंडा पुन्हा झाकून भिंतीकडं सरकवला.

 "आक्का, नको."

"घरला पोचल्याबिगर न्हाई."

५

मी अर्धा इंजिनिअर आहे. अर्धा का होईना, पाणी आपोआप चढ चढत नाही एवढं मला माहीत आहे. तळं गावाच्या खाली, मळा वर. झरा इकडून तिकडं जाऊ शकत नाही. मी सयाजीला घेऊन विहिरीत उतरलो. पार तळापर्यंत. शंख नाही, शेवाळ नाही, काही नाही. सयाजी म्हणाला, "घागर खराब आसंल." घागर राखेनं घासली, उन्हात तापवली.

दुसऱ्या सकाळी मी आप्पांच्या आधी जाऊन एक घागर आणली. आप्पांनी नेहमीसारखं जाऊन त्याच घागरीत दुसरी खेप आणली. तीच विहीर, तीच घागर. माझं पाणी गाळलं, कापड कोरं. मग आप्पांचं गाळलं.

कापडावर काहीतरी जोरात फडफडलं. बोटाएवढा मरळ माशाचा बच्चा होता. त्याच्या शेजारी एक छोटंसं करडं पीस, टिबुकलीचं, ओलं असूनही कोरड्यासारखं फुललेलं.

मी सयाजीला म्हणालो, "विहीर न्हाई, घागर न्हाई. मग काय राहिलं?"

 अंगणात आप्पा खुर्चीवर पेपर वाचत होते. घागर धरलेले त्यांचे हात अजून ओले होते. ते पायजम्याला पुसत होते, आणि ते पुन्हा ओले होत होते.

ते उठून आत गेले तेव्हा खुर्चीखाली थोडंसं पाणी साचलेलं दिसलं. उन्हात फरशी चटके देत होती, तरी ते आटत नव्हतं. त्यावर एक किडा लांब पायांनी चालत होता.

"माझ्या आजोबाला लघवीचा तरास हुता," सयाजी म्हणाला. मी हो म्हणालो. दोघांनाही तसंच हवं होतं.

६

दुपारी आप्पा त्यांच्या खोलीत झोपले. दार ओढून घेतलं. आक्का माजघरात पडून होती. तिची जीभ कोरडी पडून शब्द अडकत होते, तरी मी जवळ गेलो की विचारायची, "जेवलास का?" डॉक्टर म्हणाले होते, उद्या सांगलीला न्यावंच लागेल, बांधून न्या हवं तर.

मी तिच्या पायाशी बसलो होतो. तेव्हा आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा वाटलं पंखा. मग वाटलं पोटातली गुरगुर, आप्पांना पित्ताचा त्रास आहेच. मग एक बेडूक ओरडला. दमून थांबला. लांबून दुसऱ्यानं उत्तर दिलं. लांबून म्हणजे किती लांबून? आप्पांची खोली दहा बाय दहाची आहे. पण तो आवाज पाण्यावरून आल्यासारखा होता, पलीकडच्या काठावरून. त्याच्यामागून लव्हाळ्यातून वारा गेल्याची सळसळ. आणि मग ती खिंकाळल्यासारखी, थरथरत उतरत जाणारी हाक. टिबुकली. ती हाक मी हजार पाखरांत ओळखीन.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीही आलं. वाटलं, मेली नाहीत. सगळी आहेत.

"ऐकू येतंय का तुला?" मी विचारलं.

आक्काचे डोळे मिटलेले होते. "लहानपणी तळ्याकाठी झोपायचा जयपाल," ती म्हणाली. "शाळा बुडवून. मीच उचलून आणायची." मग तिनं भिंतीचा आधार घेतला आणि उठली. मी धरायला गेलो तर म्हणाली, "गाळणं दे. आणि घंगाळ आत आण."

७

आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. त्या दिवशी झाली नाहीत. दिवाही कुणी लावला नव्हता. घंगाळ घेऊन मी दाराशी पोचलो तेव्हा आक्का आत होती. मी आत जाऊ शकलो नाही. हात भरलेले होते म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.

दाराच्या फटीतून एवढंच दिसलं. आप्पा पलंगाच्या कडेला वाकून बसलेले, पोरं उलटी करताना बसतात तसे. आक्कानं दुहेरी कापड दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडाखाली धरलं होतं. कापड भरत होतं. झोळीसारखं लोंबत होतं आणि आतून हलत होतं, आणि त्या अंधारात त्यात कशाचे तरी गोल, शांत डोळे चमकले. एकच जोडी नव्हती.

"हळू," आक्का म्हणत होती. "हळू येऊ दे. मार लागंल."

मध्येच आप्पांना बोलता आलं. आवाज भरलेल्या घागरीतून आल्यासारखा. "आक्का, मी नदीपातूर गेलोच न्हाई गं."

"ठावं हाय मला."

"वाटंत तहान लागली. अशी तहान... अशी कवाच लागली न्हवती. हातात तेवढाच तांब्या हुता."

आक्कानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. ती त्यांची थोरली बहीण होती, आणि मला माझ्या बापाचं तोंड पहिल्यांदाच कुणाच्या तरी धाकट्या भावाचं दिसलं.

"आता कुठं सोडणार?" आप्पांनी विचारलं.

"जिथलं पाणी तिथं. आड तूच उघड."

८

सकाळी आप्पांनी सयाजीला स्वतः हाक मारली. लालासाहेब आणि बाकीची पंगत काठ्या आपटत आली. "चेअरमन, डोस्कं फिरलं का? ठराव झालाय!"  आप्पा तोंड घट्ट मिटून उभे होते. मीच म्हणालो, "आवं, ठराव घागरीत भरा आन् प्या." म्हाताऱ्यांना असं बोलू नये म्हणतात. मग म्हाताऱ्यांनी असं वागू नये.

सयाजीनं लोखंडी बकेट इतकं हळू टाकलं की जणू खाली कुणी झोपलंय. मुरूम निघाला, आडाचं तोंड मोकळं झालं, आणि पाणी बघता बघता वर आलं. काळं, गार. वाट बघत बसल्यासारखं.

आक्काला आम्ही खुर्चीवर बसवून आणलं होतं. दोर तिनं स्वतः धरला. तांब्या खाली गेला, टेकला, कलंडला. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. घंगाळ रिकामं होईपर्यंत. शेवटच्या तांब्याला आप्पा कठड्यावर वाकले. त्यांची सावली पाण्यावर पडली. तांब्या कलंडला आणि सावली हलली. आप्पा हलले नव्हते.

मग आक्कानं तिथंच बसून पाणी गाळलं, जिवाणी सोडली आणि ओंजळभर प्याली. मी रडलो. लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

दुकानं झाली नाहीत. बुजलेलं तळं मी आणि सयाजी मिळून थोडं थोडं मोकळं करतोय. पंगतीतले म्हातारे कडेला उभे राहून चुका काढतात. लव्हाळं आपोआप उगवलं. टिबुकली परत आली, पिल्लं पाठीवर घेऊन. पाणकोंबडी अजून नाही. टोक मोडलेलं गिऱ्हाईक रोज कापडावर येतं.

आप्पा घरी असतात. चेअरमनकी सोडली. वेळेवर जेवतात, कुणावर ओरडत नाहीत. ओरडत नाहीत म्हणजे बोलतच नाहीत. हात कोरडे असतात. मी समोर बसलो की माझ्याकडं बघून हसतात, मी लहान असताना हसायचे त्याहून गोड. आणि त्यांच्या छातीला कान लावला तर, एकदा ते झोपले असताना लावला होता, मला काहीच ऐकू आलं नाही. काहीच.

जिवाणी सोडायला मीच जातो. तांब्या पाण्याला टेकतो, मी हिसका देतो, आणि कधी घाईत जोरात दिला तर खालून, पाण्याच्या अगदी जवळून, आवाज येतो. जुना, सभेतला, चिडका.

"भरत्या. हळू."

मी म्हणतो, "व्हय आप्पा," आणि दोर सैल सोडतो. आक्काला मी विचारलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही. फक्त जीव जिथला तिथं पोचला, असं एकदा म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग घरी येऊन मी ताट वाढतो. समोर जे कोणी बसलेलं असतं त्याला भाकरीवर लोणी लागतं, आप्पांना लागायचं तसं. मी थोडं जास्तच घालतो.